शालजोडीतले गुरुजी

जव्हार-मोखाड्याला बदलीवर येणाऱ्या माणसांचे दोन वाण आहेत. पहिल्या वाणाचा माणूस हजर झाल्याच्या दिवशीच परतीच्या बदलीचा अर्ज लिहितो आणि वर्षभरात निघून जातो. दुसऱ्या वाणाचाही अर्ज लिहितो, पण त्याचा मंजूर होत नाही. मग हळूहळू तो इथलाच होऊन बसतो. गुरुजी दुसऱ्या वाणाचे. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते एकटे नाहीत. जव्हारच्या स्टँडवर बघा, मोखाड्याच्या नाक्यावर बघा, खोडाळ्याला चहाच्या टपरीवर बघा. खांद्याला झोळी, खिशाला दोन पेनं, आणि समोरच्याने लवकर काहीतरी मूर्खपणाचं बोलावं अशी चेहऱ्यावर आशा. तेच गुरुजी.

गुरुजींना सरळ बोलता येत नाही. म्हणजे येत असावं, पण कुणी ऐकलेलं नाही. गाडी दीड तास उशिरा लागली की सगळे चरफडत चढतात. गुरुजी पायरीवर थांबून कंडक्टरला विचारतात, "एवढी घाई का केलीत? आम्ही आणखी तासभर बसलो असतो. वारा छान सुटलाय." कंडक्टर बीडकडचा. तो ओळखतो, आणि तिकिटाचे सुटे पैसे मागून सूड उगवतो. मागे डोक्यावर भारा घेतलेली एखादी म्हातारी उभी असते. ती म्हणते, "तू बस ना मग. आम्ही जातो."

गुरुजींच्या आयुष्यातलं सगळं नाट्य या म्हातारीच्या वाक्यात आहे. ती खरंच तसं समजून बोलली, की तिने गुरुजींचा टोला त्यांनाच परत केला? इतक्या वर्षांत त्यांना याचा छडा लागलेला नाही. म्हातारीच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. शिवाय तिने 'तू' म्हटलं. सुरुवातीला गुरुजींना हाही अपमानच वाटायचा. पुढे कळलं, इथली जुनी वारली माणसं मास्तरला, डॉक्टरला, दौऱ्यावर आलेल्या मोठ्या साहेबालाही 'तू'च म्हणतात. त्यात टोमणा नसतो, मस्का नसतो. गुरुजींच्या मते हीच पंचाईत आहे. जिथे 'अहो-जाहो'च नाही, तिथे खोटा आदर दाखवून बोचकारायचं कसं?

गुरुजी मूळचे देशावरचे. तिथे त्यांची जीभ नावाजलेली होती. एकदा शाळेची तपासणी करायला आलेले साहेब सव्वा तास भाषण देऊन गेले. आभार मानायला गुरुजी उठले. "साहेबांच्या पायधुळीने शाळा पावन झाली," असं म्हणून शिपायाकडे वळले आणि म्हणाले, "आता झाडून घे." पंधरा दिवसांत आदेश आला : मोखाडा तालुका, प्रशासकीय कारणास्तव. तो कागद गुरुजींनी अजून जपून ठेवलाय. त्यांचं म्हणणं, "उपरोध मी जन्मभर केला, पण 'प्रशासकीय कारणास्तव' हे दोन शब्द लिहिणारा माझा बाप होता."

गुरुजींचं दैवत शिवराम महादेव परांजपे. १८९८ साली पुण्यात त्यांनी 'काळ' साप्ताहिक काढलं आणि दहा वर्षं इंग्रज सरकारला शालजोडीतले हाणले. लेख वरून पाहावा तर नम्र, आतून वाचावा तर सरकारला सोलून काढलेलं. अखेर १९०८ साली राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना एकोणीस महिन्यांची सक्तमजुरी झाली. गुरुजी हा इतिहास वर्गात सांगायचे, स्टाफरूममध्ये सांगायचे, आणि नवा ग्रामसेवक आला की त्याला खास सांगतात. शेवटी न चुकता जोडतात, "परांजप्यांना एकोणीस महिनेच. मला मोखाडा."

तर गुरुजींचा अभ्यासाचा विषय हा : माणूस माणसाला किती प्रकारे हसतो? लोक सगळ्याला सरसकट 'चेष्टा' म्हणतात याचा त्यांना संताप येतो. त्यांनी एकदा टपरीवर बसून हे शास्त्र समजावून दिलं. उदाहरण फार लांबून आणावं लागलं नाही. त्याच सकाळी पाड्यावर नव्या हातपंपाचं उद्घाटन होतं. नारळ फुटला, हार झाले, साहेबांनी दांडा खालीवर केला. पंपातून आवाज आला, पाणी आलं नाही.

"आता बघा," गुरुजी म्हणाले. "मी म्हणालो, 'नवा आहे, लाजतोय.' ही थट्टा. यात साहेबही हसले, ठेकेदारही हसला. ज्याची होते तोही हसतो ती थट्टा.

"मग मी शिपायाला हाक मारली, ठेकेदाराला ऐकू जाईल अशी : 'अरे, पाहुण्यांना पाणी दे. नारळाचं शिल्लक असेल.' हा टोमणा. लेकी बोले सुने लागे. बोलायचं एकाशी, लागायचं दुसऱ्याला. टोमण्याला तिसरा माणूस लागतो. दोघंच असाल तर टोमणा मारता येत नाही, तिथे भांडणच करावं लागतं.

"मग ठेकेदाराचा हात हातात घेऊन म्हणालो, 'अभिनंदन. पाण्याच्या नासाडीचा प्रश्न तुम्ही मुळातच मिटवलात.' हा उपरोध. शब्द कौतुकाचे, अर्थ उलटा, आणि तो उलटा आहे हे त्यालाही कळलं पाहिजे ही अट. नाही कळला तर माझं कौतुक फुकट गेलं.

"त्याला नाहीच कळला. म्हणून मी अडाण्याचा चेहरा करून विचारलं, 'मला समजत नाही म्हणून विचारतो हं, पंप आणि पाणी यांची बिलं वेगवेगळी असतात का?' हा खवचटपणा. यात आपण मूर्ख व्हायचं आणि प्रश्न विचारायचे. उत्तर देता देता समोरचा आपोआप उघडा पडतो. ग्रीसमधला सॉक्रेटिस हेच करायचा. त्याला विष प्यावं लागलं, पण त्याच्यावर खटला भरणाऱ्यांची नावं आज किती जणांना ठाऊक आहेत?"

"आणि उपहास?" कोणीतरी विचारलं.

"तो मी केला नाही, तो साहेबांनी केला. पाणी येईना म्हणून चिडून ते पाड्यातल्या माणसांना म्हणाले, 'तुम्हा लोकांना पाणी दिलं तरी घेता येत नाही.' हा उपहास. यात शब्द आणि अर्थ एकच असतो. कला नसते, फक्त आपण वर आहोत आणि तू खाली आहेस एवढं सांगायचं असतं. उपहासाला बुद्धी लागत नाही, खुर्ची लागते."

मग गुरुजींनी सरकारी आवाज लावला. "सदर पंपास पाणी नसल्याचे निदर्शनास आले असून, पाण्याने आपले लेखी म्हणणे सात दिवसांत समक्ष हजर राहून सादर करावे, अन्यथा पाण्यास काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल." टपरी हसून हसून लोळली. "हे विडंबन," गुरुजी म्हणाले. "मूळ पाठ असेल त्यालाच याचं हसू येतं. अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' काढलं तेव्हा लोक हसले, कारण रविकिरण मंडळाच्या कवितांचा लोकांवर मारा चालू होता. तुम्ही हसलात, कारण तुम्हा सगळ्यांना नोटिसा येऊन गेल्यात."

पंपाची गोष्ट इथे संपली नव्हती. साहेब दांडा हलवत असतानाच आभाळ काळं झालं आणि वळवाचा पाऊस कोसळला. मांडव उडाला, सतरंज्या भिजल्या, साहेब गाडीकडे पळाले, पाड्याच्या उतारावरून लाल पाण्याचे लोट वाहू लागले. मधोमध तो पंप, कोरडा. गुरुजी म्हणाले, "हा दैवदुर्विलास. यात कोणी काही बोलत नाही. बोलणारा नसतो, आणि टोमणा मात्र सगळ्यांना बसतो."

तेवढ्यात आडोशाला उभी असलेली एक आजी पंपाकडे बघत म्हणाली होती, "उलटा लावायचा व्हता ना. वर तोंड करून."

हे सांगताना गुरुजींचा आवाज जरा खाली आला. आजीचं वाक्य कोणत्या खणात टाकायचं हे त्यांना ठरवता येईना. थट्टा म्हणावी तर ती हसली नाही. उपरोध म्हणावा तर ती साधी सूचना होती. खवचटपणा म्हणावा तर पुरावा नाही. गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "माझं सगळं शास्त्र या बाईने पाण्यात घातलं. तेवढंच पाणी आलं म्हणायचं."

बोहाड्याच्या दिवसांत गुरुजींना मात्र भरतं येतं. होळीनंतर गावोगाव रात्री जागतात, संबळ वाजतो, आणि एकामागून एक मुखवटे नाचत येतात : गणपती, शारदा, राक्षस, देव. मोखाड्याचा बोहाडा बघायला लांबून माणसं येतात, आणि जव्हारकडे मुखवटे घडवणारे हात अजून आहेत. गुरुजी पहाटेपर्यंत बसतात आणि शेजाऱ्याला झोपू देत नाहीत. "हे बघ, उपरोध म्हणजे हेच. आत कोण आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं, तरी मुखवटा पुढे आला की हात जोडतात. मुखवटा आणि माणूस एकदम दिसले पाहिजेत. आतला माणूस कोणालाच ओळखता आला नाही, तर ती झाली थाप. मुखवटा न घालताच अंगावर आला, तर ती झाली शिवी. उपरोध या दोघांच्या मधल्या बोळातून चालतो. बोळ अरुंद आहे."

जव्हारचं राज्यच मुळी शब्दाच्या खेळावर उभं राहिलं, हा गुरुजींचा आवडता सिद्धांत. दंतकथा अशी सांगतात, की जव्हार एका वारली सरदाराकडे होतं. मुकणे घराण्याचा मूळपुरुष जयबा त्याच्याकडे गेला आणि बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन त्याने मागितली. सरदार हसला असणार, आणि मोठ्या मनाने हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या, आणि सगळा मुलूख वेढून घेतला. कार्थेजच्या डायडो राणीचीही अशीच गोष्ट सांगतात. गुरुजी म्हणतात, "दिलेला शब्द पाळला गेला, अर्थ मात्र राज्य घेऊन गेला. आजचे ठेकेदार यापेक्षा वेगळं काय करतात? 'रस्ता डांबरी' असं कागदावर असतं. किती डांबर, ते कातडं कापणाऱ्याच्या हातात."

या रस्त्यावरूनच गुरुजींचा एक दारुण पराभव झाला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी लिहिलं, "आपल्या रस्त्याचं काम पाहून डोळे पाणावले. अशी माणसं शतकातून एकदा जन्माला येतात." डोळे धुळीने पाणावले होते. पण ग्रुपवर भराभर हात जोडलेली चित्रं आली, फुलांचे गुच्छ आले, आणि संध्याकाळपर्यंत ठेकेदाराने तो मजकूर गुरुजींच्या फोटोसह स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी पेढेही पाठवले. गुरुजींनी निष्कर्ष काढला : उपरोधाचा अर्धा भाग भुवईत असतो. मोबाइलला भुवई नाही. पेढे मात्र त्यांनी खाल्ले.

साधेपणासमोर उपरोध कसा लंगडा पडतो, हे त्यांना वर्गात रोज दिसायचं. एक पोर तास अर्धा झाल्यावर दारात उभं राहिलं. गुरुजी म्हणाले, "या महाराज! आज एवढ्या लवकर?" दुसऱ्या दिवशी ते मधल्या सुट्टीत आलं. काल लवकर झालं असं गुरुजीच म्हणाले होते. घरी वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी हीच आधी नवी. त्या मराठीतलं वाक्य सुलट समजायला त्याला वर्ष लागतं. ते उलटं करून वाचायचं असतं हे त्याला कोणी सांगावं?

पण गुरुजी खरे बदलले ते दुसऱ्याच एका मुलामुळे. दिवाळी झाली की इथली कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मुलंही जातात. असाच एक पोरगा जूनमध्ये उगवला. हजेरीपट महिनोन् महिने कोरा. गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर कमरेत वाकून नमस्कार केला. "आलात का दौरा आटोपून? किती इमारती बांधल्यात?" पोराने मान वर केली आणि जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. "आम्ही विटा थापतो, गुरुजी. इमारती दुसरे बांधतात."

वर्ग हसला नाही. गुरुजींनी खडू उचलला, फळ्यावर तारीख लिहिली, आणि त्या तासाला इतिहासाचं पुस्तक जसंच्या तसं वाचून काढलं. त्या दिवसापासून मुलांशी बोलताना ते सरळ बोलू लागले. सवय नसल्यामुळे सुरुवातीला अडखळायचे. 'लवकर ये बाळा' एवढं म्हणायला त्यांना दोनदा घसा साफ करावा लागे. पण साहेब मंडळींच्या वाट्याचं त्यांनी काही कमी केलं नाही. मुलांचं वाचलेलं त्यांनाच जास्त दिलं.

एका ठिकाणी मात्र गुरुजींची जीभ कायमची अडते, ते ठिकाण म्हणजे पाणी. या मुलुखात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आणि होळी पेटायच्या आत मोखाड्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. मोखाडा-शहापूरच्या हद्दीवर मध्य वैतरणा धरण आहे. मुंबईला त्यातून रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळू शकतं, इतकी त्याची ताकद. त्याच डोंगरात बाया डोक्यावर हंड्यांची उतरंड घेऊन उन्हातून चालतात. धरण उशाला, कोरड घशाला. गुरुजी म्हणतात, "याच्यावर मी काय उपरोध करणार? उपरोध करायचा म्हणजे खऱ्याच्या उलट बोलायचं. इथे खरंच उलटं आहे. त्याच्यावर बोलायला गेलो तर सरळ बोलावं लागतं."

मागे सूर्यमाळच्या बाजूला पावसाळी सहलीला आलेली मुंबईची मंडळी गाडीतून उतरली. त्यातले एक गृहस्थ दरीकडे बघून हरखले. "केवढं पाणी आहे हो तुमच्याकडे!"

गुरुजी म्हणाले, "तुमचंच आहे."

गृहस्थांना ते आतिथ्य वाटलं. त्यांनी आभार मानले, गुरुजींबरोबर फोटो काढला, आणि कोकणी माणसाच्या मोठ्या मनाबद्दल बरंच बोलले. मी नंतर गुरुजींना विचारलं, हा टोमणा होता की उपरोध? ते म्हणाले, "ती माहिती होती." मला वाटतं, त्या दिवशी गुरुजी आजीच्या इयत्तेत चढले.

निवृत्तीच्या समारंभात गुरुजींची फार कुचंबणा झाली. एकामागून एक वक्ते उठले आणि त्यांची स्तुती करू लागले. ज्या साहेबांना त्यांनी वर्षानुवर्षं डिवचलं, ते म्हणाले, "गुरुजींच्या गोड बोलण्याने कामाचा शीण जायचा." गुरुजी प्रत्येक वाक्य उलटंसुलटं करून तपासत होते. कुठलं खरं, कुठलं शालजोडीतलं, काही लागेना. आयुष्यभर लोकांना जे भोगायला लावलं ते एका दुपारी व्याजासकट परत मिळालं.

शेवटी मागून ती आजी उठली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. "मेला लय बडबड्या," ती म्हणाली. "पोरांचा कान खाल्ला, साहेबाचा कान खाल्ला. आता घरी बसून बायकोचा खाईल. त्यापरीस इथंच राह्य." आणि जाऊन परत आपल्या जागी बसली.

संस्कृत अलंकारशास्त्रात व्याजस्तुती नावाचा अलंकार आहे. त्याचे दोन प्रकार : स्तुतीच्या आडून निंदा, आणि निंदेच्या आडून स्तुती. पहिला प्रकार गुरुजींनी हयातभर वापरला. दुसरा त्यांना त्या दिवशी मिळाला, आणि डोळे पाणावले. या वेळी धूळ नव्हती. त्यांनी देशावर परत जायचा बेत रद्द केला आणि जव्हारलाच दोन खोल्यांचं घर घेतलं.

आता गुरुजी रोज सकाळी स्टँडवर येतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवतात. नव्या पिढीतल्या तिरकस बोलणाऱ्यांना ते शिकवणी देतात, फी घेत नाहीत. शिकवणीचा सार असा : थट्टा बरोबरीच्याची करावी, टोमणा घरातल्याला मारावा, उपरोध आपल्यापेक्षा मोठ्याचा करावा, आणि उपहास कोणाचाच करू नये. बोलण्याआधी एवढंच बघावं, की समोरचा खुर्चीवर आहे की जमिनीवर. खुर्चीवर असेल तर बिनधास्त बोलावं, फार तर बदली होईल. जमिनीवर असेल तर आपणही खाली बसावं आणि सरळ बोलावं.

तुम्ही कधी जव्हारला आलात, तर गुरुजी भेटतीलच. त्यांनी तुमच्या गाडीचं, कपड्यांचं किंवा मुंबईच्या मराठीचं कौतुक केलं, तर लगेच आभार मानू नका; दहापर्यंत मोजा. आणि शेजारच्या आजीने काही म्हटलं, तर मोजतही बसू नका. ती म्हणते ते खरं असतं.